खरा खर्च विचारू नका, निवडायला लावा

प्रश्न: आमचा यंत्रं बनवण्याचा छोटा कारखाना आहे. त्यातला धातूचा एक सुटा भाग आम्ही बाहेरून जॉबवर्कवर करून घेतो. पुरवठादार दरवेळी 'आम्हालाच नगाला ७० पडतात' असं सांगतो. मला दाट शंका आहे की त्याला ५० च्या आसपासच पडत असावेत, पण दाखवणार कसं? हिशेब मागितला तर तोंड वाकडं केलं. मधला मार्ग म्हणून ६० चा दर ठरवून आणखी दोघातिघांना विचारलं, तर ज्याचं काम सगळ्यांत नेटकं त्यानेच नकार कळवला. विक्रीतही हेच. एजंट दरवर्षी 'यंदा माल उठणार नाही' म्हणून रडतो, टार्गेट कमी करून घेतो आणि मग ते आरामात ओलांडून बोनस नेतो. वकिलांनी करार २२ पानांचा केला, पण मूळ दुखणं तसंच आहे. समोरच्याला जे ठाऊक आहे ते मला ठाऊक नसताना करार करायचा तरी कसा?
— एक उद्योजिका

उत्तर: नमस्कार. आधी तुमच्या वकिलांना दोष देणं थांबवा. करारातली कलमं दिसणाऱ्या गोष्टींवर चालतात. माल उशिरा आला, नग इन्स्पेक्शनला नापास झाला, बिल थकलं, हे कागदावर दाखवता येतं आणि वेळ पडली तर त्यावर भांडताही येतं. पण पुरवठादाराला एक नग नेमका कितीला पडतो हे त्याचं त्यालाच माहीत. 'पुरवठादाराने खरा खर्च सांगावा' असं कलम घातलंत, तरी तो खोटं बोलला हे सिद्ध करायला नेमका तोच आकडा लागणार जो तुमच्याकडे नाही. २२ ची ४० पानं केलीत तरी त्यात फरक पडणार नाही.

तेव्हा त्याला खर्च विचारणं सोडून द्या. त्याच्यापुढे दोन करार ठेवा आणि एक उचलायला सांगा. ते असे बेतायचे की ज्याला नग स्वस्तात पडतो तो आपणहून एक उचलेल आणि ज्याला महाग पडतो तो दुसरा. तोंडाने तो काहीही म्हणो, कुठल्या कागदावर सही करतो त्यावरून तुम्हाला हवं ते कळतं. मात्र हे कळणं फुकट नसतं, आणि बहुतेक लोक तिथेच कच खातात. म्हणून माझं बरंचसं उत्तर त्या किमतीबद्दल आहे.

पण त्याआधी तुमचा ६० चा दर. ५० आणि ७० यांच्या मधला म्हणून तुम्ही तो धरलात. ऐकायला वाजवी वाटतं, पण मधल्या दराला मधला माणूस येत नाही. ज्याला ५० पडतात तो हसत सही करतो आणि ज्याला ७० पडतात तो नमस्कार करून निघून जातो. तुमच्याकडून गेला तो नेटकं काम करणारा, कारण नेटकेपणालाच पैसे लागतात: टूल झिजायच्या आत बदलायचं, प्रत्येक नव्या सेटिंगनंतरचा पहिला नग गेज म्हणजे माप तपासायचं साधन लावून बघायचा, शंका आली की तो मुकाट्याने स्क्रॅपमध्ये टाकायचा. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हीच घसरगुंडी मांडली. गाडी धड आहे की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा जपून मधला भाव देतो, त्या भावाला धड गाडी कुणी विकायला काढत नाही, आणि उरलेल्या गाड्या बघून भाव आणखी उतरतो. हा लेख तीन नियतकालिकांनी नाकारला होता आणि चौथ्याने छापला. अर्थशास्त्राचं २००१ चं नोबेल अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी.

म्हणजे तुमच्यापुढे खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकत्र कालवलेत. एखाद्याला नग ५० ला पडतो तो मशीन चांगलं आहे, वाया कमी जातं, माणसं हुशार आहेत म्हणून. दुसऱ्याला तो ५० ला पडतो कारण तो तपासणीच करत नाही. दराच्या करारातून यांच्यातला फरक कळत नाही, दोघंही एकच कागद उचलतील. म्हणून दर्जाचा बंदोबस्त वेगळा आणि आधी. मापाचा प्रश्न असेल तर सोपं आहे: गो-नोगो गेज लावा, 'गो' बाजू बसली आणि 'नोगो' बाजू बसली नाही तर घ्या, नाही तर परत. खरी अडचण अशा दोषांची, जे लावल्यावर सहा महिन्यांनी उघड होतात.

तिथे असा पर्याय ठेवून बघा. ठरलेल्या दरावर नगामागे २ जास्त, पण सहा महिन्यांत मोडणाऱ्या प्रत्येक नगामागे पुरवठादाराने १०० परत करायचे. ज्याच्या शंभरात एक मोडतो, त्याला ही अट नगामागे सरासरी १ ला पडते आणि २ मिळतात. तो ती आनंदाने घेईल. ज्याच्या शंभरात पाच मोडतात, त्याला ५ ला पडते. तो शंभर सबबी सांगेल, पण घेणार नाही. अट कडक आहे की सौम्य याला फारसं महत्त्व नाही. ती चांगल्याला स्वस्त आणि वाईटाला महाग पडली पाहिजे. दोघांना सारखीच महाग पडणारी अट, उदाहरणार्थ मोठी ॲडव्हान्स अनामत, काहीच निवडत नाही. फक्त ज्याच्याकडे रोकड आहे तो पुढे येतो. विम्यातही हेच चालतं. मायकेल रॉथशिल्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी १९७६ मध्ये दाखवलं की हप्ता कमी, पण नुकसानीचा पहिला वाटा स्वतः सोसायचा, अशी पॉलिसी कमी जोखमीचा माणूस निवडतो आणि जास्त जोखमीचा पूर्ण भरपाईची महाग पॉलिसी घेतो. कुणालाही 'तुम्ही कितपत सांभाळून राहता' असं विचारावं लागत नाही. फक्त तुमचे १०० वसूल होतील याची तजवीज ठेवा. पुढच्या बिलांतून कापायची सोय नसेल तर ते कागदावरच राहतील.

आता खर्चाकडे. इथे आकडे मांडल्याशिवाय पटणार नाही, तेव्हा थोडा धीर धरा. चलन कुठलंही समजा. तुम्हाला महिन्याला १,००० नग लागतात असं धरू. त्यातले पहिले ६०० अगदी गरजेचे, तुमच्या लेखी प्रत्येकाची किंमत १००. उरलेले ४०० साठ्यासाठी आणि स्पेअर म्हणून, त्यांची किंमत ८०. पुरवठादाराला नग एक तर ५० ला पडतो, नाही तर ७० ला. कुठल्या कारणाने ते तुम्हाला माहीत नाही.

आज तुम्ही सरसकट ७० देता. १,००० नगांचे ७०,०००. नग ५० ला पडत असेल तर त्यातले २०,००० त्याच्या खिशात जातात. आता त्याच्यापुढे दोन कागद ठेवा. पहिला: महिन्याला १,००० नग, नगाला ६२, एकूण ६२,०००. दुसरा: महिन्याला फक्त ६०० नग, नगाला ७०, एकूण ४२,०००.

ज्याला ७० पडतात, त्याला पहिल्या कागदात ८,००० चा खड्डा आहे, तो दुसरा घेणार. ज्याला ५० पडतात, त्याला दुसऱ्या कागदात ४२,००० वजा ३०,००० म्हणजे १२,००० सुटतात आणि पहिल्यातही ६२,००० वजा ५०,००० म्हणजे १२,०००च सुटतात. काठावर बसलेल्याला ढकलायला ६२ ऐवजी ६२ आणि थोडी चिल्लर द्या, तो पहिला घेईल. म्हणजे तो स्वस्तातला निघाला तर तुमचे ८,००० वाचले, आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही.

आता किंमत. ती दोन ठिकाणी मोजावी लागते.

एक, स्वस्तात करणाऱ्याच्या खिशात अजूनही १२,००० जातात. 'मग त्याला ५० च का देऊ नयेत?' हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. कारण ५० दिलेत तर तो ७० वाला असल्याचं सोंग घेऊन दुसरा कागद उचलेल आणि तिथे १२,००० कमावेल. सोंग न घेण्याचा मोबदला किमान तेवढा द्यावाच लागतो. ही चोरी नव्हे, लाचही नव्हे. त्याच्याजवळ एक माहिती आहे आणि तिचं हे भाडं आहे. समोरच्याचा नफा दिसला की हात शिवशिवणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत. हे भाडं शून्यावर आणण्याच्या हट्टापायी ते चांगला पुरवठादार गमावतात.

दोन, ज्याला खरोखर ७० पडतात त्याच्याकडून तुम्ही ६०० नगच घेताय. वरचे ४०० त्याने ७० ला केले असते आणि तुम्हाला ते ८० मोलाचे होते. ४,००० चा फायदा तुम्ही जाणूनबुजून सोडला. हे मनाला खटकतं. पण दुसरा कागद मुद्दाम तोकडा ठेवला नाही तर पहिला कागद कुणी उचलणारच नाही. त्यात ६०० ऐवजी ८०० नग ठेवलेत, तर ५० वाल्याला सोंगात १६,००० सुटतील आणि पहिल्या कागदात तेवढेच द्यावे लागतील. दुसऱ्या कागदातला प्रत्येक जादा नग पहिल्या कागदाचं भाडं २० ने वाढवतो. ज्यूल द्युपुई या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्येच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल हे लिहून ठेवलंय: काही कंपन्यांच्या उघड्या डब्यांवर छप्पर नव्हतं ते छपराचा खर्च वाचवायला नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला भिजवायचा हेतू नव्हता, पण भिजला तोच. तुमच्या दुसऱ्या कागदातही प्रामाणिकपणे ७० सांगणारा थोडा भिजतो. मला हे आवडत नाही, पण यातून सुटका करणारी युक्ती कुणालाच सापडलेली नाही. अर्थतज्ज्ञ रॉजर मायरसन यांनी १९७९ मध्ये जे मांडलं त्याचा व्यवहारातला अर्थ असा निघतो: घासाघीस, चार फेऱ्यांची बोलणी, उठून जायचं नाटक, काहीही करा, त्यातून जे साधेल ते प्रत्येकजण खरंच सांगेल अशा नीट बेतलेल्या करारांच्या यादीतूनही साधतं. मेहनत बोलण्यांवर नको, यादीवर घ्या.

दोन कागद नेहमीच फायद्याचे असतात असं मात्र समजू नका. वरच्या आकड्यांत स्वस्तवाल्याकडून ८,००० वाचतात आणि महागवाल्याकडे ४,००० जातात. म्हणजे तो स्वस्तवाला असण्याची शक्यता एक तृतीयांशापेक्षा कमी वाटत असेल, तर सरळ ७० द्या आणि झोपा. उलट ती ६० टक्क्यांच्या वर वाटत असेल, तर 'नगाला ५०, घ्यायचं तर घ्या' म्हणून एकच कागद ठेवणं जास्त किफायतशीर: स्वस्तवाला निघाला तर १२,००० चं भाडंही वाचतं, महागवाला निघाला तर गरजेच्या ६०० नगांवरचे १८,००० जातात. दोन कागदांची जागा या दोहोंच्या मधे. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून हीच वजाबाकी एका कागदावर करून बघा. तुम्ही 'दाट शंका' म्हणता, ती नेमकी किती दाट, हे आधी स्वतःशी ठरवा.

आता जिथे हे सगळं फिसकटतं ती जागा. पुरवठादाराने पहिला कागद उचलला आणि तुम्हाला कळलं की त्याला ५० पडतात. पुढच्या वर्षी करार नवा करताना तुम्ही काय कराल? खरं सांगा. 'आता कळलंय ना, मग ५२ देऊ' हा मोह होणारच. आणि तो होणार हे त्यालाही आजच ठाऊक आहे. म्हणून तो आज दुसरा कागद उचलेल आणि निवांत ७० घेत बसेल. एकदा खाली आलेला दर पुन्हा वर जात नाही, ही भीती असली की हुशार माणूस पहिल्या वर्षीच हात आखडून काम करतो. यावर उपाय एकच आणि तोही दुखरा: दर लांब मुदतीसाठी बांधून टाका. तीन वर्षं ६२, कच्च्या मालाच्या भावाप्रमाणे काय हलेल तेवढं सूत्र लिहून, बाकी काही नाही. तीन वर्षं त्याचा नफा डोळ्यांसमोर बघायचा आणि गप्प बसायचं.

दुसऱ्या बाजूलाही तोच मोह. त्याने दुसरा कागद घेतला, ६०० नग झाले, आणि महिनाअखेर तो म्हणाला, 'मशीन रिकामंच आहे, उरलेले ४०० नगाला ७५ ने करून देऊ का?' तुम्हाला ते ८० मोलाचे. दोघांचाही फायदा. आणि तरीही नाही म्हणायचं. एकदा हो म्हणालात की पुढच्या करारात ५० वाला आधी दुसरा कागद उचलेल आणि महिनाअखेर फोन करेल. हा नकार कर्मचाऱ्यावर सोपवू नका, 'वरून हुकूम आहे' म्हणत तोही विरघळतो. करारातच लिहा की ठरल्यापेक्षा जास्त नग त्या काळात घेतले जाणार नाहीत.

तुम्ही हिशेब मागितलात ते चूक नव्हतं, पण एकट्या हिशेबावर मदार ठेवू नका. आकडे दाखवायचेच म्हटलं की ऑफिसचं भाडं, मालकाचा पगार, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाची वीज असं बरंच काही तुमच्या नगावर येऊन बसतं. हिशेब थोडाफार तपासता येत असेल तर त्याचाही पर्याय करता येतो. झाँ-झाक लाफाँ आणि झाँ तिरोल यांनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पना: एका कागदावर ठरीव रक्कम, त्यात जे वाचेल ते सगळं त्याचं, दुसऱ्यावर ठरीव रक्कम कमी, पण प्रत्यक्ष खर्चाचा मोठा वाटा तुम्ही उचलायचा आणि हिशेब उघडा ठेवायचा. ज्याला आपण स्वस्तात करू याची खात्री आहे तो पहिला घेतो. दुसरा घेणाऱ्याला वह्या उघडायला लागतात, आणि तपासणीची मेहनत तुम्हाला फक्त त्याच्यापुरतीच करावी लागते. सगळ्यांच्या वह्या तपासण्यापेक्षा हे बरं.

तिघांकडून कोटेशनं मागवता ते चांगलंच. स्पर्धा असली की माहितीचं भाडं आपोआप उतरतं. विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेला नियम खरेदीला लावला तर तो असा होतो: बंद लिफाफे, काम सर्वांत कमी दर लिहिणाऱ्याला, पण पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या दराने. यात पुरवठादाराला स्वतःचा दर फुगवून काहीच मिळत नाही, कारण मिळणारा पैसा त्याच्या आकड्यावर ठरतच नाही. फुगवला तर काम जाण्याचा धोका तेवढा वाढतो. दोन इशारे. तिघंही एकमेकांना ओळखत असतील तर लिफाफे शोभेचे. आणि नवीन, अवघड काम असेल तर सर्वांत कमी दर लिहिणारा बऱ्याचदा सर्वांत कुशल नसतो, ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकला तो असतो. मग तो अर्ध्यात हात वर करतो.

आता एजंट. इथे मला तुमच्यापेक्षा तुमच्या बोनसच्या पद्धतीबद्दल तक्रार आहे. टार्गेट ओलांडलं की बोनस, आणि टार्गेट त्याच्याच रडगाण्यावरून ठरतं. मग तो रडणार नाही तर काय करणार? ही पद्धत उलटी करा. आकडा त्यालाच लिहू द्या, पण लिहिलेल्या आकड्यालाच मोबदला जोडा. स्वतः लिहिलेल्या प्रत्येक नगाला ३. लिहिल्यापेक्षा जास्त खपलेल्या प्रत्येक नगाला २. लिहिल्यापेक्षा कमी पडलेल्या प्रत्येक नगामागे ५ वजा.

त्याला मनातून ५०० नग खपतील असं वाटतंय. त्याने ५०० लिहिले आणि तेवढेच खपले, तर १,५००. रडून ४०० लिहिले, तर ४०० चे १,२०० आणि वरच्या १०० चे २००, एकूण १,४००. बढाई मारून ६०० लिहिले, तर १,८०० मधून ५०० वजा, राहिले १,३००. खरं लिहिण्यातच सगळ्यांत जास्त पैसे. आणि एकदा आकडा लिहून झाल्यावरही जास्त विकण्यात फायदाच आहे, त्यामुळे तो आकडा गाठून पाय पसरून बसत नाही. आकडे तुमचे ठरवा, क्रम मात्र हाच ठेवा: जास्तीचा दर सगळ्यांत कमी, लिहिलेल्याचा मधला, तुटीचा सगळ्यांत जास्त. विक्रीचा नेम नसतो, त्यामुळे तो अगदी मधला अंदाज लिहिणार नाही. २, ३ आणि ५ हे दर असताना तो असा आकडा लिहील की तीनपैकी दोन वेळा प्रत्यक्ष विक्री त्याहून जास्त होईल. कारखान्याचं नियोजन करताना हे लक्षात ठेवा.

ही रचना काही माझी नाही. सोव्हिएत कारखान्यांच्या बोनससाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशीच पद्धत आली होती आणि मार्टिन वाइट्झमन यांनी १९७६ मध्ये तिचं गणित उलगडलं. आयबीएमच्या ब्राझीलमधल्या विक्रेत्यांसाठी वापरलेल्या याच जातीच्या योजनेचं वर्णन १९७८ मध्ये छापून आलं. दुखणंही जुनंच: यंदा ५०० विकले म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही ३, २ आणि ५ चे दर खाली आणलेत, की तो पुन्हा रडायला लागला म्हणून समजा. आणि वजाबाकी होते म्हणून एखादा एजंट सोडून जाईल, तर लगेच घाबरू नका. अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट या कंपनीने तासाचा पगार सोडून कामावर पैसे द्यायला सुरुवात केली, त्याचा एडवर्ड लझियर यांनी २००० मध्ये अभ्यास मांडला. दर माणशी काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलं, पण त्यातला साधारण निम्माच भाग त्याच माणसांनी हात भरभर चालवल्यामुळे होता. बाकीच्यात मोठा वाटा कोण आलं आणि कोण गेलं याचा होता.

शेवटी एक गोष्ट जी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. तुम्हीही काहीतरी लपवताय. महिन्याला १,००० नग लागतील की ३००, हे तुमच्या ऑर्डर बुकात आहे, पुरवठादाराच्या नाही. तो ७० म्हणतो त्यात थोडी लबाडी असेल, पण थोडी भीतीही असेल: मशीन अडकवून ठेवलं, मटेरियल उचललं आणि तुम्ही तिसऱ्या महिन्यात गप्प झालात तर? मायरसन आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलं की दोन्ही बाजू आपापला आकडा झाकून बसल्या आणि सौदा फायद्याचा आहे की नाही हेच आधी नक्की नसलं, तर बाहेरून कुणी पैसे ओतल्याशिवाय सगळेच फायद्याचे सौदे जुळवणारी पद्धत असू शकत नाही. काही जुळणारे सौदे मोडतातच. तुमच्या बाजूचं झाकण तुम्ही काढू शकता. पहिल्या कागदावर किमान उचल लिहा: दर महिन्याला किमान इतके नग घेऊ, कमी घेतले तर नगामागे ठरलेली रक्कम भरू. भरघोस ऑर्डरच्या नुसत्या गप्पा मारणाऱ्याला हे कलम महाग पडतं, तुम्हाला पडत नसेल तर लगेच द्या. ६२ चा दर त्यानंतर ६० वर येण्याचीही शक्यता आहे, कारण मग भीतीपोटी धरलेले पैसे तो सोडेल.

दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच पाकिटात, सगळ्यांना सारखे पाठवा. कुणाला कुठला शोभेल याचा इशारा देऊ नका आणि 'दर थोडा बघा ना' असा फोन आला तर बोलणी सुरू करू नका. निवडायला आठवडाभर द्या. किमान उचलीचा आकडा मात्र पाकीट बंद करायच्या आधी गेल्या वर्षीच्या सगळ्यांत मंद महिन्याशी ताडून बघा.